तात्यांची वंशावळ आणि नवा कॉम्प्युटर: जुने सॉफ्टवेअर नव्या मशीनवर कसे चालवावे

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या तात्यांनी २००४ च्या उन्हाळ्यात घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. आमचे गाव जिंतूर तालुक्यातले, तात्या राहायला परभणीत. भाटाने वाचलेल्या पिढ्या, १९५४ सालच्या खासरा पाहणी पत्रकातली नावे, ट्रंकेतल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि आजीची आठवण, एवढ्या भांडवलावर त्यांनी पंधरा-सोळा वर्षांत अठराशेच्या वर माणसे नोंदवली. सॉफ्टवेअर होते ‘पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाइल’, आवृत्ती ५.२, म्हणजे पीएएफ. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या फॅमिलीसर्च या संस्थेचे, अगदी फुकट. २०१३ च्या जुलैत त्या संस्थेने ते देणेही थांबवले आणि त्याची देखभालही. तात्यांना याचा पत्ता नव्हता आणि काही अडतही नव्हते.

अडले ते नवा कॉम्प्युटर घरात आल्यावर. दुकानदाराने ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप पेन ड्राइव्हवर घेतले, जुनी डिस्क फॉरमॅट केली आणि ‘सगळा डाटा घेतलाय काका’ म्हणून सांगितले. वंशावळ त्या दोन्ही ठिकाणी नव्हतीच. चौदा महिन्यांपूर्वी मी सहज म्हणून केलेली एक कॉपी माझ्याकडे निघाली, म्हणून निभावले. मधल्या काळातली साठेक नावे तात्यांनी वहीतून पुन्हा भरली, आणि तेवढे दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलले.

तेव्हापासून नात्यातल्या आणि ओळखीतल्या सात-आठ जणांची अशी कामे मी केली. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मशीन बदलणारे वाढले. शिवाय २०२३ पासून, न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हापासून, ज्याच्या त्याच्या घरात पणजोबाच्या बापाचे नाव विचारले जाऊ लागले. वीस वर्षे कुणी ढुंकून न पाहिलेली फाइल एकदम सोन्याची झाली. (एक स्पष्ट करून ठेवतो: सॉफ्टवेअरमधले झाड हा पुरावा नव्हे. समितीपुढे लागतात त्या महसुली, शाळेच्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी. झाडाचा उपयोग एवढाच, की कोणत्या गावातली कोणती नोंद शोधायची ते कळते.)

माझे मत आधीच सांगतो. जुने सॉफ्टवेअर दोनच कारणांसाठी जिवंत ठेवावे. एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात त्यावर बसलेला असतो. दोन, आतली माहिती धड बाहेर काढायची, तर ती ज्यात भरली त्याच प्रोग्रॅममधून सगळ्यात शुद्ध निघते. पुढचे सगळे या दुसऱ्या कारणाभोवती फिरते.

पहिले काम: जुन्या मशीनला आधी बोलते करा

नवा कॉम्प्युटर खोक्यातून काढायच्या आधी जुना चालू करा. तो अजून चालतोय, ही तुमची सगळ्यात मोठी मिळकत. देऊन टाकू नका, फॉरमॅट करू देऊ नका. दुकानदाराला ‘कशाला बी हात लावू नको, आधी आम्ही बघतो’ हे तोंडावर सांगा.

सॉफ्टवेअर उघडा आणि वहीत लिहून घ्या: त्याचे नाव, आवृत्ती (हेल्प मेन्यूत ‘अबाउट’ मध्ये असते), उघडलेल्या फाइलचे नाव, एकूण व्यक्ती किती, कुटुंबे किती. हे शेवटचे दोन आकडे फार कामाचे आहेत. पुढे प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याशी ताळा करायचा आहे. सॉफ्टवेअर विकतचे असेल तर सीरियल नंबर कुठल्या पाकिटावर आहे तेही शोधा. कंपनीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद पडला असेल तर नंबर असूनही नव्या मशीनवर ते सुरू होणार नाही. तसे असेल तर आत्ताच समजलेले बरे.

मग फाइल शोधा. ‘फोल्डर ऑप्शन्स’ मध्ये जाऊन फाइलचे शेपूट (एक्स्टेन्शन) दिसू द्या, लपलेल्या फाइलीही दिसू द्या, आणि पूर्ण डिस्कवर शोध लावा. पीएएफच्या फाइलचे शेपूट ‘पीएएफ’, तिच्या बॅकअपचे ‘झिप’. बहुतेक घरी एक नाही, पाच-सहा फाइली निघतात: वंशावळ, वंशावळ नवी, वंशावळ नवी २, आणि भावाने केलेली एक. त्यातली ताजी कोणती हे तारखेवरून ठरवू नका. जुन्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला असतो, प्रत्येक वेळी घड्याळ पहिल्या वर्षावर जाते, आणि काल केलेली फाइल २००२ ची दिसते. प्रत्येक फाइल उघडून माणसे मोजा आणि घरात शेवटी जन्मलेले मूल तिच्यात आहे का ते बघा.

एक खास भोक सांगतो, कारण माणसे यात हमखास पडतात. जुने प्रोग्रॅम आपला डाटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मध्येच ठेवत. विंडोज व्हिस्टापासून पुढे त्या फोल्डरात लिहायला बंदी आली. जुना प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून विंडोज त्याला ‘लिहिले बरं’ असे सांगते आणि फाइल गुपचूप दुसरीकडे ठेवते: वापरकर्त्याच्या फोल्डरात ‘ॲपडेटा’, त्यात ‘लोकल’, त्यात ‘व्हर्च्युअलस्टोअर’. तुम्ही ‘प्रोग्रॅम फाइल्स’ मधून फाइल उचलता ती अनेक वर्षांपूर्वीची असते, खरी तिकडे लपलेली असते. जुने मशीन विंडोज ७ चे असेल तर हा कोपरा बघितल्याशिवाय उठू नका.

फाइल सापडली की आधी तिची तशीच्या तशी कॉपी करा. मग सॉफ्टवेअरमधली तपासणी-दुरुस्तीची सोय वापरा. पीएएफमध्ये ती फाइल मेन्यूतच आहे. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि इन्व्हर्टर कॉम्प्युटरला पोचलेला नसतो, त्यामुळे या फाइलींना लहानसहान जखमा असतातच. दुरुस्ती झाली की तीन गोष्टी बाहेर काढा: मूळ फाइल, सॉफ्टवेअरने केलेला बॅकअप, आणि जेडकॉम.

जेडकॉम म्हणजे काय, आणि निर्यात करताना कुठे थांबायचे

जेडकॉम ही वंशावळीची सगळ्या सॉफ्टवेअरना कळणारी साधी मजकूर-फाइल. १९९६ ची ५.५, १९९९ ची ५.५.१ आणि २०२१ ची ७.० या तिच्या ठळक आवृत्त्या. जुने सॉफ्टवेअर ५.५ देते आणि आजचे कुठलेही सॉफ्टवेअर ते वाचते. उलटे चालत नाही: ७.० ची फाइल जुन्या सॉफ्टवेअरला द्याल तर ते तोंड वासेल.

निर्यातीच्या खिडकीत अक्षरसंचाचा प्रश्न येतो. तिथे ‘यूटीएफ-८’ असेल तर तेच निवडा. ‘ॲन्सेल’ आणि ‘ॲन्सी’ ही दोन्ही रोमन लिपीसाठी आहेत. देवनागरी युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक ठरलेला आकडा देणारी आजची पद्धत; यूटीएफ-८ हा ती साठवायचा प्रकार) त्यात मावत नाही. टिपा, स्रोत आणि खासगी नोंदी घ्यायच्या का, हेही तिथेच विचारतात. सगळ्यांवर खूण करा. जिवंत माणसांची माहिती वगळायची सोय मात्र बंद ठेवा, नाहीतर अर्धे घर गायब होईल.

निर्यात झाली की फाइल नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, ती वाचता येते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक आकडा, मग रोमनमधली एक खूण, मग तुमचा मजकूर. व्यक्तीच्या नोंदीची खूण ‘आयएनडीआय’. ती किती वेळा येते ते मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. तात्यांच्या फाइलीत चार माणसे कमी भरली. शोधल्यावर कळले, की ती कुणाशीच न जोडलेली होती. कुणाचे जावई होते ते लिहायचे राहून गेले होते आणि निर्यात करताना मी फक्त मूळ पुरुषाचे वंशज निवडले होते.

डिस्क काढावी लागली तर

जुने मशीन चालूच होत नसेल तर बहुधा पॉवर सप्लाय गेलेला असतो, डिस्क शाबूत असते. २००५-०६ पर्यंतच्या मशीनमध्ये रुंद पट्टीची आयडीई डिस्क असते, नंतरच्यात साटा. दोन्ही चालणारा यूएसबी कन्व्हर्टर बाजारात मिळतो. घेताना त्याच्याबरोबर १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर आहे ना ते बघा, कारण मोठी डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. विंडोज एक्सपीच्या डिस्कवर वापरकर्त्याचे फोल्डर ‘डॉक्युमेंट्स ॲन्ड सेटिंग्ज’ मध्ये असते, ‘यूजर्स’ मध्ये नाही. परवानगी नाही असे म्हणाले तर ‘कंटिन्यू’ दाबून थोडा वेळ थांबा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र ताबडतोब बंद करा आणि डाटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणखी एकदा लावून बघू, असे करत करत ती कायमची जाते.

नव्या मशीनवर: प्रोग्रॅम कोणत्या पिढीचा आहे?

विंडोज ११ फक्त ६४ बिटचेच येते. (बिटचा आकडा म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिला त्याची खूण; जितका लहान तितका जुना.) जुन्या प्रोग्रॅमच्या तीन पिढ्या आहेत आणि तिघांची औषधे वेगळी.

डॉसच्या काळातले, काळ्या पडद्यावर चालणारे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. त्यांना डॉसबॉक्स हे फुकट सॉफ्टवेअर लागते. प्रोग्रॅमचे पूर्ण फोल्डर एका जागी ठेवायचे, डॉसबॉक्सला ते ‘सी’ म्हणून जोडायचे, झाले. खेळांसाठी बनवलेले असले तरी वंशावळीला ते पुरते.

विंडोज ३.१ आणि ९५ च्या काळातले १६ बिट प्रोग्रॅमही चालत नाहीत. ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा निरोप येतो. इथे मात्र फसगत होऊ शकते. कधी कधी प्रोग्रॅम ३२ बिटचा असतो आणि फक्त त्याचा सेटअप १६ बिटचा. अशा वेळी सेटअपचा नाद सोडा, जुन्या मशीनवर बसवलेले प्रोग्रॅमचे पूर्ण फोल्डर उचलून आणा आणि त्यातली मुख्य फाइल चालवून बघा. कैक प्रोग्रॅम एवढ्यावर सुरू होतात.

३२ बिटचे प्रोग्रॅम, म्हणजे १९९८ नंतरचे बहुतेक आणि पीएएफ ५ सुद्धा, विंडोज ११ वर चालतात. फक्त त्यांना बसवताना चार पथ्ये पाळा.

‘प्रोग्रॅम फाइल्स’ मध्ये बसवू नका. सी ड्राइव्हवर सरळ एक फोल्डर करा आणि त्याचे नाव रोमन अक्षरांत, जागा न सोडता, छोटे ठेवा. वर सांगितलेल्या लपंडावातून कायमची सुटका होते.

नव्या कॉम्प्युटरवर खाते उघडताना वापरकर्त्याचे नाव मराठीत देऊ नका. दिसायला छान दिसते, पण तेच नाव फोल्डरलाही लागते आणि जुन्या प्रोग्रॅमला देवनागरी रस्ता वाचता येत नाही. फाइल समोर असून ‘सापडत नाही’ म्हणतो. माझ्या एका मावसभावाच्या मशीनवर दोन संध्याकाळी घालवल्यावर हे लक्षात आले. नुसते खात्याचे नाव बदलून फोल्डर बदलत नाही. एक तर नवे खाते उघडा, नाहीतर डाटा त्या फोल्डराबाहेर ठेवा.

‘डॉक्युमेंट्स’ मध्येही फाइल ठेवू नका. विंडोज ११ ते फोल्डर अनेकदा न विचारता वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याला, जोडते. जुना प्रोग्रॅम फाइल उघडी धरून बसतो, वनड्राइव्ह तीच वर चढवू पाहते, आणि या ओढाताणीत एखाद्या दिवशी दोन वेगळ्या फाइली तयार होतात.

आणि सेटअप फाइल स्वतःच्या जुन्या सीडीवरून किंवा ओळखीच्या माणसाकडून घ्या. ‘पीएएफ फ्री डाउनलोड’ म्हणून जे काही मिळते त्याबरोबर आणखी काय येईल याचा भरवसा नाही.

प्रोग्रॅम सुरू होत नसेल किंवा वेडावाकडा दिसत असेल तर त्याच्या चिन्हावर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘कॉम्पॅटिबिलिटी’. तिथे आधी विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३ निवडून बघा. नाही जमले तर विंडोज ७. नव्या पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी दिसत असतील तर तिथेच ‘हाय डीपीआय’ च्या बटणात जाऊन ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा. तात्यांच्या डोळ्यांसाठी मला हे पहिल्याच दिवशी करावे लागले. प्रोग्रॅमने ‘.नेट ३.५’ (काही जुन्या प्रोग्रॅमना लागणारा विंडोजचा एक भाग) मागितले तर ‘विंडोज फीचर्स’ मध्ये त्यावर खूण करा. हेल्प उघडणार नाही. जुन्या पद्धतीची मदत-फाइल दाखवणारा भाग मायक्रोसॉफ्टने विंडोज १० पासून दिलेलाच नाही. तिच्या मागे लागू नका.

फोटो दिसत नाहीत ही पुढची तक्रार. बहुतेक जुनी सॉफ्टवेअर फोटो आत ठेवत नाहीत, नुसता पत्ता ठेवतात. जुन्या मशीनवर फोटो ‘डी’ ड्राइव्हवर असतील आणि नव्यावर ‘डी’ च नसेल, तर चारशे फोटोंचे चारशे कोरे चौकोन. एकेक पत्ता बदलत बसण्यापेक्षा ‘डिस्क मॅनेजमेंट’ मधून एखाद्या भागाला ‘डी’ हे अक्षर द्या आणि फोल्डर जसेच्या तसे तिथे ठेवा. सगळे चेहरे एकदम परत येतात.

मराठी अक्षरांचे काय झाले ते ओळखा

इथे थोडे निवांत बसू, कारण परदेशी मार्गदर्शनात हे कुठेच नसते आणि आपली सगळी रड इथेच आहे.

नव्या मशीनवर नावांच्या जागी भलतेच काही दिसले की माणूस ‘फाइल खराब झाली’ म्हणून हाय खातो. भलतेचे चार प्रकार आहेत आणि त्यातले तीन बरे होतात.

नुसते कोरे चौकोन दिसतात: माहिती शाबूत, प्रोग्रॅमने निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. सेटिंगमध्ये मंगल किंवा निर्मला फॉन्ट द्या.

इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम यांची भेळ दिसते: माहिती शाबूत. ती शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. या फॉन्टांत कॉम्प्युटरच्या लेखी साठवलेली अक्षरे रोमनच असतात, वरून फक्त मराठी कपडे चढवलेले. तो फॉन्ट नव्या मशीनवर बसवला की नावे पुन्हा दिसतात. म्हणून जुन्या डिस्कवरच्या ‘विंडोज’ मधले ‘फॉन्ट्स’ फोल्डर पूर्ण उचलून आणा. काही मराठी पॅकेजांना मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचे डोंगल लागायचे; नव्या मशीनला ते पोर्टच नसते आणि कन्व्हर्टर लावून डोंगल सहसा ओळखले जात नाही. पण नुसते वाचायला फॉन्ट पुरतो, पॅकेज लागत नाही.

एकच जोडी पुन्हा पुन्हा दिसते, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला चिकटून चार टोके फुटलेले गोल चिन्ह: माहिती शाबूत. ही यूटीएफ-८ मधली मराठी आहे आणि समोरचा प्रोग्रॅम तिला ॲन्सी समजून वाचतो आहे. जेडकॉमच्या वरच्या काही ओळींत ‘सीएचएआर’ खुणेपुढे काय लिहिले आहे ते बघा. तिथे यूटीएफ-८ लिहून फाइल यूटीएफ-८ म्हणूनच जतन करा, मग आयात करा.

प्रश्नचिन्हे दिसतात, जितकी अक्षरे तितकी: ही माहिती गेली. युनिकोड न कळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मराठी चिकटवले आणि त्याने प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह करून साठवले. विंडोजमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमसाठी भाषा निवडायची सोय आहे. चिनी-जपानीला ती कामी येते, मराठीला नाही, कारण मराठीला तसले जुने कोडपेज, म्हणजे युनिकोडपूर्वीचा अक्षरांचा तक्ता, विंडोजने कधी दिलेच नाही. तेव्हा त्या सेटिंगशी खेळत बसू नका, सरळ आधीच्या बॅकअपकडे वळा. आणि प्रश्नचिन्हे दिसत असताना चुकूनही ‘सेव्ह’ करू नका.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये

दुसऱ्या प्रकारची भेळ आज ना उद्या युनिकोडमध्ये आणावीच लागते. इंटरनेटवर फॉन्ट कन्व्हर्टर फुकट मिळतात, तुमच्या फॉन्टचाच निवडायचा. पण जेडकॉम फाइल अख्खी उचलून कन्व्हर्टरमध्ये टाकाल तर पस्तावाल. त्या फाइलीतल्या खुणाही रोमनच आहेत आणि नावेही रोमनच. कन्व्हर्टरला फरक कळत नाही, तो ‘आयएनडीआय’ चेही मराठी करून ठेवतो. मग ती फाइल कुठलेच सॉफ्टवेअर वाचत नाही.

तेव्हा असे करा. फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडून दोन स्तंभ पाडा: पहिल्यात आकडा आणि खूण, दुसऱ्यात मजकूर. नाव, ठिकाण, टीप एवढ्याच ओळी चाळणी लावून वेगळ्या काढा, त्यांचा दुसरा स्तंभ कन्व्हर्टरमधून फिरवून जागच्या जागी परत चिकटवा. तारखा आणि लिंगाच्या खुणा यांना हात लावायचा नाही. मग स्तंभ जोडून यूटीएफ-८ म्हणून जतन करा.

आडनावांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. जेडकॉममध्ये आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मध्ये असते. कृतिदेवमध्ये तीच तिरकी रेघ म्हणजे ‘ध’ चा भाग. त्यामुळे ‘माधव’ लिहिले की सॉफ्टवेअरला वाटते, ‘मा’ हे नाव संपले आणि पुढे आडनाव सुरू झाले. आमच्या एका सोयऱ्यांच्या फाइलीत सगळे माधव, श्रीधर आणि राधाबाई असे मधोमध चिरले गेले होते. अशी नावे कन्व्हर्टरपूर्वीच एकेक करून दुरुस्त करावी लागतात. दुसरा उपाय मला सापडला नाही.

काहीच जमले नाही तर: मशीनच्या पोटात मशीन

व्हर्च्युअलबॉक्स हे फुकट सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा करते. त्यात ३२ बिटचे विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ बसवले की १६ बिटचे प्रोग्रॅमही सुखाने चालतात. विंडोजची स्वतःची सीडी आणि की मात्र हवी. जुन्या कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेली ती चिठ्ठी खरवडून जाऊ देऊ नका. एक्सपीला १ जीबी रॅम आणि १० जीबी जागा पुष्कळ झाली. नवे मशीन ‘व्हर्च्युअलायझेशन बंद आहे’ म्हणाले तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करावे लागते.

आतल्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ लाच थांबली. नेटवर्क बंद ठेवा आणि फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून करा.

तात्यांना मी हेच करून दिले नाही, कारण पीएएफ थेट चालले आणि खिडकीत खिडकी बघून त्यांचा गोंधळच झाला असता. ‘काय करायलास रे, एका कॉम्प्युटरात दोन कॉम्प्युटर?’ एवढ्यावरच ते थांबले नसते.

नव्या घरी नेणे

जुने चालू झाले तरी एक प्रत नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्याच. मी ग्रॅम्प्स वापरतो: मुक्त आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालते, मराठी नावे कुरकुर न करता घेते. दिसायला रूक्ष आहे आणि शिकायला आठवडा जातो, हे खरे. रूट्समॅजिकची मोफत आवृत्तीही चांगली. ती पीएएफची मूळ फाइल थेट उघडते, जेडकॉमची पायरी वाचते.

आयात झाल्यावर पहिली पाच नावे बघून ‘आले बुवा’ म्हणू नका. अवघड माणसे निवडा. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरी दिसतो का? दोन लग्ने झालेल्या पणजोबांची मुले आपापल्या आईखाली आहेत का? बायकांचे माहेरचे नाव आणि आडनाव कुठल्या रकान्यात गेले? लांबलचक टीप शेवटपर्यंत आली का? जेडकॉममध्ये लांब ओळ तोडून पुढच्या ओळीला जोडतात. त्या सांध्यावर कधी दोन शब्द चिकटतात, कधी एखादे जोडाक्षर फुटते.

तारखांचा वेगळा घोळ. निजामाच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो मिळतो; फसली वर्ष सुरू होते ते ऑक्टोबरात. पोलीस ॲक्शन झाली ते फसली १३५७, म्हणजे १९४७-४८. तात्यांनी सुरुवातीच्या नोंदींत तारखेच्या रकान्यात नुसतेच ‘१३४२’ लिहिले होते. नव्या सॉफ्टवेअरने ते इसवी सन १३४२ धरले आणि आमचे चुलत आजोबा आपल्या खापरपणजोबांच्या आधी पाचशे वर्षे जन्मल्याचा इशारा दिला. शके सनाचेही असेच होते, तिथे ७८ मिळवायचे. तारखेच्या रकान्यात इसवी वर्ष अंदाजे म्हणून लिहा आणि मूळ फसली किंवा शके तारीख कागदावर आहे तशी टिपेत ठेवा. मूळ तारीख पुसू नका. तहसीलमध्ये नोंद शोधताना तीच लागते.

दोन्ही सॉफ्टवेअर काही महिने शेजारी शेजारी ठेवा, पण नवी नावे एकाच ठिकाणी भरा. आमच्याकडे तात्या पीएएफमध्ये भरतात आणि दर अमावास्येला (त्या दिवशी ते दुसरे काही नवे काम काढत नाहीत) मी जेडकॉम काढून ग्रॅम्प्समध्ये कोऱ्या झाडावर आयात करतो. आधीच्या झाडावर आयात केली तर प्रत्येक माणूस दोनदा होतो.

कॉपी तीन ठिकाणी आहे: माझ्याकडच्या पेन ड्राइव्हवर, संभाजीनगरच्या बहिणीच्या लॅपटॉपवर, आणि छापील स्वरूपात गावच्या घरातल्या लोखंडी पेटीत. छपाई लेझर प्रिंटरवर घ्या. इंकजेटची शाई पावसाळ्यातल्या ओलीने पसरते. नव्या विंडोजमध्ये छपाईच्या खिडकीतच पीडीएफची सोय आहे, तीही एक करून ठेवा.

फॉरमॅट झालेली असली तरी जुन्या कॅबिनेटमधून मी डिस्क काढून घेतली, तिच्यावर पांढऱ्या पट्टीवर मार्करने ‘वंशावळ, मूळ’ असे लिहून तीच पेटीत टाकली. बाकीचे लोखंड भंगारवाल्याने किलोवर नेले.